टर्बो ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेलाची उष्णता : कारणे व उपाय

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काळ्या जमिनीत रब्बीची पिके निघाली की उन्हाळी नांगरटीस प्रारंभ होतो. वाळून कठीण झालेली भारी जमीन पलटी नांगराने उलथताना ट्रॅक्टरला जेवढा जोर लावावा लागतो, तेवढा वर्षातील दुसऱ्या कोणत्याही कामात क्वचितच लागतो. नेमक्या ह्याच दिवसांत हवाही सर्वांत अधिक तापलेली असते. अशा वेळी चालकाची नजर पाण्याच्या उष्णतेच्या काट्याकडे असते आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे तोवर इंजिन सुखरूप आहे, असे समजले जाते. हा समज अपुरा आहे. पाण्याचा काटा ठिकाणावर असतानाही इंजिनातील तेल धोक्याच्या उष्णतेपर्यंत पोचलेले असू शकते; आणि बहुतेक ट्रॅक्टरांवर तेलाची उष्णता दाखविणारा काटाच नसतो.

अलीकडे टर्बो बसविलेल्या इंजिनांचे ट्रॅक्टर गावोगाव आले आहेत. त्याबरोबर डिझेल पंप ‘वाढवून’ घेण्याची, म्हणजे कारखान्याने ठरविलेल्या प्रमाणापेक्षा अधिक डिझेल इंजिनात जाईल अशी पंपाची जोडणी करून घेण्याची प्रथाही वाढली आहे. काही ठिकाणी मूळच्या साध्या इंजिनावर मागाहून टर्बो चढविला जातो. अशा फेरफारामुळे ट्रॅक्टर अधिक ओढतो, हे खरे. परंतु वाढलेल्या शक्तीबरोबर उष्णताही वाढते आणि ती वाहून नेण्याची इंजिनाची व्यवस्था मात्र पूर्वीएवढीच राहते. ह्या विषमतेचा पहिला आघात तेलावर होतो. म्हणून तेलाची उष्णता कशी वाढते, ती कशी ओळखावी व कशी आवाक्यात ठेवावी, ह्याची माहिती ट्रॅक्टरमालक, चालक व गावपातळीवरील कार्यकर्ते ह्यांना असणे अगत्याचे आहे.

तेलाची दोन कामे

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही, तर आस कुरकुरतो, झिजतो व तापतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. इंजिनातील तेलाचे पहिले काम हेच होय. फिरणाऱ्या दांड्याच्या व बेअरिंगच्या मध्ये तेलाचा पातळ पडदा तयार होतो आणि धातू धातूला घासत नाही. परंतु इंजिनातील तेलास दुसरेही एक काम असते व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते काम म्हणजे उष्णता वाहून नेणे. पिस्टनच्या पोटाशी, क्रँकच्या बेअरिंगांशी व टर्बोच्या दांड्याशी रेडिएटरचे पाणी पोचत नाही. तेथील उष्णता तेलच घेते व खाली चेंबरमध्ये आणून सोडते. अनेक टर्बो इंजिनांत तर पिस्टनच्या पोटावर तेलाची बारीक धार सतत मारलेली असते.

उष्णता वाढली की तेल पातळ होते. आपल्याकडे डिझेल इंजिनांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या १५ डब्ल्यू-४० ह्या तेलाचा ४० अंश सेल्सिअसला जेवढा दाटपणा असतो, त्याचा सुमारे सातवा ते आठवा हिस्सा १०० अंशांवर उरतो. इंजिनाची रचना करताना हे गृहीत धरलेले असते. मात्र उष्णता त्याहून बरीच वाढली, तर पडदा इतका विरळ होतो की भाराखाली तो तुटतो व बेअरिंगचा धातू दांड्यास घासू लागतो.

दुसरे नुकसान सावकाश होते. तापलेल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन ते जुने होते, आंबट बनते व घट्ट होत जाते. ढोबळ मानाने असे धरतात की, तेलाची उष्णता दर १० अंशांनी वाढली की तेल बिघडण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे जे तेल १०५ अंशांवर २५० तास टिकले असते, ते ११५ अंशांवर सुमारे १२५ तासांतच थकेल. वनस्पतिजन्य तेलांत हा दोष अधिक तीव्र असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे १९१४ ते १९१८ मध्ये, विमानांच्या कित्येक इंजिनांत एरंडेल तेल वापरीत. ते वंगण म्हणून उत्तम होते. पण उष्णतेने चिकट होऊन जमत असल्यामुळे ती इंजिने वारंवार खोलून साफ करावी लागत. आजची खनिज व कृत्रिम तेले पुष्कळ सुधारलेली आहेत. तरीही उष्णतेचा नियम त्यांना लागू आहेच.

टर्बो म्हणजे काय

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात बरीच शक्ती वाया जाते. ह्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याने मांडली व १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. हवा अधिक भरली गेली की अधिक डिझेल नीट जळू शकते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते.

टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याच्या एका टोकाचे चक्र पूर्ण भाराच्या वेळी ५०० ते ७०० अंश उष्णतेच्या धुरात असते व दुसरे टोक हवेत असते. ह्या दोहोंच्या मधले बेअरिंग केवळ तेलाच्या पडद्यावर तरंगत असते. तेथे तेल पोचले नाही, तर काही क्षणांत बेअरिंग खराब होते. तेल पोचले, पण ते आधीच फार तापलेले व थकलेले असले, तर दांड्याभोवती त्याचा कोळसा जमू लागतो, तेलाची वाट अरुंद होते व शेवटी टर्बो निकामी होतो. म्हणून टर्बोच्या इंजिनाला तेलाची काळजी साध्या इंजिनाच्या मानाने अधिक घ्यावी लागते.

शक्ती वाढविली की उष्णता किती वाढते

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच कामास येतो. उरलेले दोन भाग धूर, पाणी, तेल व भोवतालची हवा ह्यांत जातात. समजा, एका ट्रॅक्टरचे इंजिन ५० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ३७ किलोवॅटचे आहे. पूर्ण भारावर ते सुमारे ७४ किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. पंप वाढवून त्याच्याकडून ६० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ४५ किलोवॅट काम घेतले, तर बाहेर टाकावयाची उष्णता सुमारे ९० किलोवॅट होते. ही वाढ १६ किलोवॅटची, म्हणजे एक किलोवॅटच्या सोळा विजेच्या शेगड्या बॉनेटखाली एकदम पेटविल्यासारखी आहे. रेडिएटर, पंखा, तेलाचा पंप व चेंबर मात्र पूर्वीचेच असतात.

प्रत्यक्षात स्थिती ह्याहूनही वाईट असते. डिझेल वाढविले पण हवा त्या मानाने वाढली नाही, तर काळा धूर निघू लागतो. काळा धूर हे ताकदीचे लक्षण नसून अर्धवट जळलेल्या डिझेलचे लक्षण होय. अशा इंजिनात धुराची उष्णता वाढते, पिस्टन व टर्बो अधिक तापतात आणि काजळी तेलात उतरते. काजळीने तेल दाट होते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने तेलात झिरपले, तर उलट ते पातळ होते. दोन्ही प्रकारांत तेल आपले काम नीट करू शकत नाही.

साध्या इंजिनावर मागाहून टर्बो चढविणे तर अधिक धोक्याचे आहे. कारखान्यात तयार झालेल्या टर्बो इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग, तेलाचा पंप व हेड गॅस्केट वाढीव दाब व उष्णता विचारात घेऊन योजलेले असतात. साध्या इंजिनात ही तयारी नसते.

येथील हवा व येथील कामे

रेडिएटर पाण्याला किती थंड करील, हे पाणी व बाहेरील हवा ह्यांच्या उष्णतेतील अंतरावर अवलंबून असते. हिवाळ्यात हवा २० अंशांची व पाणी ९५ अंशांचे असेल, तर हे अंतर ७५ अंशांचे असते. मे महिन्याच्या दुपारी नांदेडकडे पारा अनेकदा ४२ अंशांच्या वर जातो. हवा ४३ अंशांची असली, तर हे अंतर अवघे ५२ अंश उरते. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे तीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकू शकतो. शिवाय तापलेली हवा विरळ असते. लातूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने तेथील हवा मुळातच थोडी विरळ आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते.

कामांच्या दृष्टीने पाहता पुढील प्रसंगी तेल विशेष तापते :

१. एप्रिल-मे महिन्यांतील खोल नांगरट व ढेकळांच्या रानात रोटाव्हेटर चालविणे. येथे भार जड, चाल मंद व समोरून येणारा वारा नगण्य असतो.

२. सोयाबीनची ऑक्टोबरमधील व तुरीची जानेवारी-फेब्रुवारीतील मळणी. ट्रॅक्टर एका जागी उभा असतो आणि उडणारे भुसकट रेडिएटरच्या जाळीवर बसते. जाळी बंद झाली की अर्ध्या तासात फरक जाणवू लागतो.

३. हिवाळ्यातील ऊस वाहतूक. बालाघाटाच्या चढावर भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना इंजिनावर दीर्घकाळ पूर्ण भार राहतो. बाहेर थंडी असूनही तेल तापते, ते ह्यामुळेच.

४. अर्धापूरच्या बाजूस हळद चकाकी करण्याचे ढोल ट्रॅक्टरवर फिरविणे. भार मध्यम असला, तरी उभ्या जागी तासन्‌तास चालणारे हे काम आहे व तेथे धूळही फार असते.

किती उष्णता योग्य

पुढील आकडे चेंबरमधील तेलाचे असून ते सामान्य मार्गदर्शनाकरिता आहेत. उत्पादकाच्या पुस्तिकेत निराळे आकडे दिले असल्यास तेच प्रमाण मानावेत.

८० अंशांपेक्षा कमी : तेल अद्याप पुरेसे तापलेले नाही. जड काम घेऊ नये. तेल सतत एवढेच थंड राहिले, तर त्यातील पाण्याचा अंश उडून जात नाही व गाळ तयार होतो.

९० ते ११० अंश : ही योग्य स्थिती होय.

११० ते १२० अंश : जड कामात काही काळ चालेल, परंतु लक्ष ठेवावे.

१२० ते १३० अंश : भार लगेच कमी करावा. खालचा गिअर घ्यावा अथवा नांगराची खोली कमी करावी.

१३० अंशांवर : काम थांबवावे. भार काढून इंजिन मंद गतीवर चालू ठेवावे व उष्णता उतरल्यावरच बंद करावे.

येथे एक भेद नीट ध्यानात ठेवावा. तेल तापले असेल, पण त्याचा दाब ठीक असेल, तर इंजिन एकाएकी बंद करू नये. परंतु तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला किंवा दाबाचा काटा एकदम खाली आला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता इंजिन बंद करावे. दाब नसताना इंजिन चालू ठेवणे म्हणजे ते हाताने मोडून टाकणे होय.

तेलाची उष्णता कशी ओळखावी

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे तेलाच्या उष्णतेचा काटा बसवून घेणे. त्याचा संवेदक चेंबरच्या तळाशी, तेल काढण्याच्या बोल्टच्या जागी किंवा फिल्टरलगत बसविता येतो. फेरफार केलेल्या ट्रॅक्टरवर हा काटा अवश्य असावा. बोल्टला दगड वा धस लागून तेल गळू नये, म्हणून तेथे पत्र्याचे संरक्षण द्यावे.

काटा नसेल, तर दुरून उष्णता दाखविणारे हातातील छोटे यंत्र वापरता येते. त्याने चेंबरच्या बाहेरील पत्र्याची उष्णता कळते. आतील तेल त्याहून काही अंशांनी अधिक गरम असते. म्हणून ह्या आकड्याचा उपयोग तुलनेसाठी करावा. रोज त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून व तेवढाच वेळ काम झाल्यावर मोजणी करून ती वहीत नोंदवावी. नेहमीपेक्षा ८-१० अंश वाढ दिसली, तर कारण शोधावे.

दाबाचा काटा असलेल्या ट्रॅक्टरवर आणखी एक सोपा उपाय आहे. काम सुरू करून अर्धा तास झाला म्हणजे ठराविक फेऱ्यांवर तेलाचा दाब पाहून ठेवावा. दोन तासांनी तेवढ्याच फेऱ्यांवर तो पुन्हा पाहावा. दाब बराच उतरला असेल, तर तेल अतिशय पातळ झाले आहे, असे समजावे.

उष्णता आवाक्यात ठेवण्याचे उपाय

*रेडिएटर व हवा.* प्रथम लक्ष येथे द्यावे, कारण ह्यास खर्च जवळजवळ नाही. मळणीच्या दिवसांत जाळी दर दोन तासांनी साफ करावी. त्याआधी इंजिन मंद गतीवर चालवून बंद करावे व पंखा पूर्ण थांबू द्यावा. रेडिएटरचे भुसकट आतील बाजूने बाहेर, अशा दिशेने हवा मारून काढावे. समोरून जोराच्या पाण्याचा फवारा मारल्यास कचरा आत रुततो व पापुद्रे वाकतात. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे असेल, तर दोहोंच्या मधली फट विसरू नये. पंख्याचा पट्टा ढिला नसावा. एअर क्लीनर कोंदला असेल, तर हवा कमी पडून धूर काळा होतो व उष्णता चढते. म्हणून धुळीच्या कामात तो रोज पाहावा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

*तेलाची पातळी.* तेल मोजण्याची कांडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटे गेल्यावर पाहावी. पातळी खालच्या खुणेशी असेल, तर थोडेच तेल अनेकदा फिरते व लवकर तापते. वरच्या खुणेपेक्षा अधिक तेल भरणेही चुकीचे आहे. तसे केल्यास क्रँक तेलात बुडून ते घुसळते, फेस येतो व उष्णता वाढते.

*तेलाचा दर्जा.* पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे, उदाहरणार्थ एपीआय सीआय-४ किंवा त्याहून वरचे, तेल वापरावे. ‘गरम होते म्हणून अधिक दाट तेल टाकावे’ असा एक समज आहे. दाट तेल घुसळण्यास अधिक शक्ती लागते आणि त्यामुळे ते स्वतःच अधिक तापते. शिवाय थंडीच्या सकाळी ते टर्बोपर्यंत उशिरा पोचते. पुस्तिकेत परवानगी असेल तेवढाच दाटपणा घ्यावा. सुटे, नाव नसलेले तेल स्वस्त मिळाले, तरी टर्बो इंजिनात घालू नये.

*तेल बदलण्याची मुदत.* पुस्तिकेतील मुदत सामान्य कामासाठी असते. उन्हाळ्यात सतत जड काम होत असेल किंवा इंजिनाची शक्ती वाढविलेली असेल, तर तेल व फिल्टर लवकर बदलावे. एका बेअरिंगच्या दुरुस्तीपेक्षा चार वेळा बदललेले तेल स्वस्त पडते.

*कामाची रीत.* शक्य तेथे जड नांगरट सायंकाळनंतर व सकाळी दहाच्या आत करावी. ह्यामुळे रेडिएटरला १० ते १५ अंश थंड हवा मिळते. मोठ्या गिअरमध्ये इंजिन दबत असेल, तर खालचा गिअर घ्यावा. दबलेल्या इंजिनात पंखा व तेलाचा पंप मंद चालतात आणि उष्णता मात्र अधिक होते. नांगराचे बोथट फाळ वेळीच बदलावेत. बोथट फाळाचा वाढीव भार अखेर तेलावरच येतो.

*सुरू व बंद करण्याची रीत.* इंजिन सुरू झाल्यावर एक मिनिट मंद गतीवर ठेवावे, म्हणजे तेल टर्बोपर्यंत पोचते. सुरू होताच रेस देऊ नये. काम संपल्यावर भार काढून तीन ते पाच मिनिटे इंजिन मंद चालवावे. धावत्या टर्बोचे इंजिन एकदम बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो. परंतु तापलेल्या चक्राची उष्णता दांड्याकडे येतच राहते व तेथे अडकलेले तेल जळून कोळसा होते. बंद करताना शेवटी रेस देण्याची सवय अनेक चालकांना असते. ती सर्वथा सोडावी.

*तेलाचा कूलर.* अनेक टर्बो इंजिनांत तेल पाण्याने थंड करणारा कूलर मुळात असतो. शक्ती वाढविलेल्या इंजिनास हवेने थंड होणारा वेगळा कूलरही जोडता येतो. मात्र तो तेलाची उष्णता पाहून आपोआप उघडझाप होणाऱ्या थर्मोस्टॅटसह असावा. नाहीतर हिवाळ्यात तेल कायमच थंड राहील. तो रेडिएटरच्या तोंडासमोर बसवून रेडिएटरचीच हवा अडवू नये. त्याच्या नळ्या तेलाच्या दाबास व उष्णतेस टिकणाऱ्या असाव्यात आणि टर्बोपासून दूर बांधाव्यात. तापलेल्या टर्बोवर तेलाची गळती झाली, तर पेट घेण्याचा धोका असतो. मळणीच्या खळ्यावर शेजारीच सोयाबीनची गंजी असते, हे विसरून चालणार नाही.

फेरफार केलेल्या ट्रॅक्टरविषयी

पंप वाढविलेला असेल, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तो कसोटीच्या यंत्रावर लावून मूळ प्रमाणावर आणणे. कूलर, मोठा रेडिएटर इत्यादी उपाय त्यानंतरचे आहेत. काम खरोखरच मोठे असेल, तर लहान ट्रॅक्टरवर बळजबरी करण्यापेक्षा त्या कामापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने घेणे हिताचे ठरते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराबाबतचे ट्रेम-४ हे मानक लागू झाले आहे. अशा ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा बहुधा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नियंत्रित होतो. त्यातील नोंदी बदलून शक्ती वाढविणे म्हणजे कारखान्याने घातलेले संरक्षणच काढून टाकणे होय. फेरफारामुळे उत्पादकाची हमी गमावण्याची वेळ येते. तसेच नोंदणीच्या वेळच्या तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने निर्बंध घातले आहेत.

हेच तत्त्व टर्बो बसविलेल्या जीप व मोटारगाड्यांना लागू आहे. लातूरहून चाकूर, अहमदपूर व लोहा ह्या मार्गे नांदेडकडे भर दुपारी भरधाव आलेली शक्ती वाढविलेली गाडी मुक्कामी पोचताच बंद करू नये. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावी व थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवावे. गाडीचे तेल मात्र तिच्याच पुस्तिकेप्रमाणे घ्यावे. ट्रॅक्टरचे तेल तिच्यात घालू नये.

डागाची परीक्षा

तेलाची अवस्था गावातच अजमाविण्याची एक साधी रीत आहे. काम करून आलेल्या इंजिनातील कांडीवरचा एक थेंब टिपकागदावर टाकावा व कागद काही तास आडवा ठेवावा. डाग मधोमध करडा व कडेकडे हळूहळू फिका होत गेला, तर तेल अद्याप काजळी धरून ठेवीत आहे. मध्यभागी दाट काळा ठिपका राहून त्याची कड तीक्ष्ण दिसली, तर काजळी गोळा होऊ लागली आहे, तेल बदलावे. बाहेर रुंद, फिके, तेलकट वलय पसरले व डिझेलचा वास आला, तर तेलात डिझेल उतरले आहे. नोझल व पंप तपासावेत. तेल दुधासारखे दिसले, तर त्यात पाणी आहे व इंजिन चालवूच नये. केवळ तेल काळे झाले म्हणून ते वाईट समजू नये; डिझेल इंजिनात चांगले तेलही लवकर काळे होते.

काढलेले जुने तेल विहिरीत, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी नांगरटीच्या हंगामापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, आणि मळणीपूर्वी, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, गावातील ट्रॅक्टरमालक व चालक ह्यांना एकत्र करावे. डागाची परीक्षा, रेडिएटरची सफाई व इंजिन बंद करण्याची रीत ही तीन प्रात्यक्षिके एका तासात दाखविता येतात. मालकापेक्षा चालकास हे समजावणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण इंजिन त्याच्या हाती असते. प्रत्येक ट्रॅक्टरसाठी एक वही ठेवून तीत कामाचे तास, घातलेले तेल व मोजलेली उष्णता ह्यांची नोंद करण्यास सांगावे.

कोरडवाहू शेतीत वेळेचे मोल फार आहे. मृगाच्या पावसाने ७५ ते १०० मिलिमीटर ओल झाली व जमिनीला वापसा आला की पेरणीस थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत ज्याचे इंजिन खोलून पडले, त्याची स्वतःची पेरणी लांबते. आणि ज्यांनी त्याच्या ट्रॅक्टरचा भरवसा धरला, त्या शेजाऱ्यांचीही लांबते. इंजिन बांधून घेण्याचा खर्च पुढे कधीतरी भरून निघेल, पण गेलेला वापसा परत येत नाही. म्हणून ह्या उन्हाळ्यात पाण्याच्या काट्याबरोबर तेलाकडेही लक्ष द्यावे आणि काम संपल्यावर इंजिनाला पाच मिनिटांची उसंत द्यावी.